वर्षातून एकदाच बघणारी दोड्डम्मा

सोयराबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि तेच त्यांना नडलं. रोज थोडंथोडं खोटं बोलणारा माणूस वेळ आली की चिमूटभर खोटं बोलून सुटतो. सोयराबाईंना तो अंदाजच नव्हता. वेळ आली तेव्हा त्यांच्या तोंडून अख्खी देवीच बाहेर पडली.

झालं ते असं. शहाण्णव सालच्या ऑगस्टमधली सकाळ. बसवनगुडीच्या त्यांच्या गल्लीत दूधवाल्याशिवाय कुणी नव्हतं. सोयराबाई हिरव्या खणात गुंडाळलेलं एक भलंमोठं चपटं बोचकं छातीशी धरून फाटकाबाहेर पडल्या, मागून त्यांचे यजमान विठोजीराव. समोरच्या दारात भाग्यलक्ष्मी रांगोळी घालत होती. भाग्यलक्ष्मीला सकाळी सहाला कळलेली गोष्ट दहापर्यंत गांधी बाजारातल्या फुलवाल्यांना पाठ झालेली असते, हे सगळी गल्ली जाणून होती.

"अक्का, एवढ्या सकाळी? आणि हे काय एवढं मोठं?"

विठोजीरावांनी तोंड उघडलं. ते गणिताचे निवृत्त मास्तर. खोटं बोलायचं म्हटलं की त्यांना उचकी लागे. आता त्यांना पहिली उचकी लागलीच होती. तेवढ्यात सोयराबाई म्हणाल्या, "हरके आहे गं. नवस. देवीचा."

"हौदा? खरंच? कुठली देवी?"

"दोड्डम्मा," सोयराबाई म्हणाल्या. "होसूर रोडकडे."

आणि रिक्षा आली म्हणून त्या वाचल्या.

खणाच्या आत देवीबिवी काही नव्हती. आत होत्या इस्पितळाच्या काळ्या फिल्म. आदल्या वर्षी सोयराबाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली. ऑपरेशन झालं, मग पाच आठवडे किरणांचा शेक झाला. गल्लीला सांगितलं होतं, गर्भपिशवी काढली. पन्नाशीच्या बाईची गर्भपिशवी काढली म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नाही. खरं सांगायची सोय नव्हती, कारण घरात लग्नाची मुलगी होती. स्मृती तेवीस वर्षांची, कोरमंगल्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. "आईला झालं म्हणजे मुलीच्याही रक्तात असणार," असं एकदा कुणी म्हटलं की त्या घराचा उंबरा कुठलाही मुलाचा बाप ओलांडत नाही. ही भीती सोयराबाईंना गाठीपेक्षाही मोठी वाटत होती.

शेक संपला तेव्हा डॉक्टर कस्तुरींनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "आता सहा महिन्यांनी पहिला मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा फोटो. मग दर वर्षी एक. चुकवायचा नाही. मधे दर तीन-चार महिन्यांनी मी हातानं तपासीन. आणि घरी हाताला काही नवं लागलं, तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं."

"फोटो दर तीन महिन्यांनी काढला तर?" विठोजीरावांनी विचारलं होतं. "किंवा दर महिन्याला? आमची तयारी आहे."

"मास्तर, फोटोनं आजार बरा होत नाही, फक्त दिसतो. दिसण्याएवढं काही व्हायलाही वेळ लागतो. दर महिन्याला काढलात तर दर महिन्याला घाबराल, दुसरं काही पदरात पडणार नाही."

विठोजीरावांना ते पटलं नाही. पण स्वतः मास्तर असल्यामुळे आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्यापुढे ते वाद घालत नसत.

तर ती पहिली फेरी नीट पार पडली. फोटो साफ आला. सोयराबाईंना वाटलं, देवीचं काम संपलं. पण देवी तिकडे गल्लीत कामाला लागली होती.

भाग्यलक्ष्मीच्या मुलाची, नरसिंहरावची, रायचूरला बदली झाली होती. भाग्यलक्ष्मीनं होसूर रोडच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि म्हणाली, दोड्डम्मा, सांभाळ. आठव्या दिवशी बदली रद्द झाली. साहेबाचा मेव्हणा त्या जागेवर जायला टपून बसला होता, हे नरसिंहराव कितीदा तरी म्हणाला. पण आईनं देवी धरल्यावर मुलाचं कोण ऐकतं?

मग सुरू झाली चौकशी. शुक्रवारच्या हळदीकुंकवाला सोयराबाईंना मधे बसवून बायका विचारू लागल्या.

"दर शुक्रवारी जायचं का?"

"नाही. पहिल्यांदा सहा महिन्यांनी. मग वर्षातून एकदा."

"वर्षातून एकदाच?" भाग्यलक्ष्मीला हे फार कमी वाटलं. "माझं तर म्हणणं, नऊ शुक्रवार अळणी धरावेत. निदान अमावास्येला तरी."

"जास्त वेळा गेलं तर देवी काही जास्त देत नाही," सोयराबाई ठासून म्हणाल्या. "उगाच आपला जीव घाबरतो. पण वर्षाचं चुकवायचं नाही."

हे त्या अशा ठाम सुरात म्हणाल्या की बायका दबकल्या. एवढं नेमकं बोलणारी देवी त्यांनी ऐकली नव्हती. आणि नियम तर काय कडक! त्या दिवशी अंगाला पावडर नाही. हळद नाही, अत्तर नाही. गळ्यात काही घालायचं नाही.

"मंगळसूत्रसुद्धा?"

"पदराच्या गाठीला बांधायचं. देवीसमोर गळा मोकळा लागतो."

"अय्यो!" बायका म्हणाल्या आणि देवीचा दरारा दुप्पट झाला.

खोट्याचंही एक सुख असतं. सोयराबाईंना गेले कित्येक महिने मनातलं कुणाशी बोलता आलं नव्हतं. आता देवीच्या नावाखाली त्या थोडंफार बोलू शकत होत्या. देवी दाबून धरते, असं सांगताना त्या मशीनबद्दलच सांगत. कौल येईपर्यंत घास उतरत नाही, हे तर शब्दशः खरं होतं. डॉक्टर कस्तुरींनी सांगितलेलं सगळं त्यांनी देवीच्या तोंडी घातलं. एकच गोष्ट घातली नाही. हाताला काही लागलं तर वाट बघायची नाही, ही. ती सांगायची म्हणजे गाठीबद्दल बोलावं लागलं असतं.

त्या दिवाळीत अंबुबाई फराळाचा डबा घेऊन आल्या. अंबुबाई म्हणजे निवडलेल्या तांदळातूनही खडा काढणारी बाई. उंच, कोरड्या, आणि प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत न हलणाऱ्या. त्यांचा मुलगा अजित बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, आणि अजित-स्मृतीचं जमवायचं म्हणून दसऱ्यापासून दोन्ही घरांत हळूहळू बोलणी चालू होती. म्हणजे ज्यांच्यापासून सगळं लपवायचं, त्यांत अंबुबाई पहिल्या.

डबा ओट्यावर ठेवून अंबुबाई म्हणाल्या, "मला न्याल का तुमच्या दोड्डम्माकडे? या महिन्यातच?"

सोयराबाईंच्या हातातली चकली मोडली. ही बाई आपल्या घराची झडती घेतेय, दुसरं काय!

"छे छे. श्रावणाआधी तिचं दार उघडत नाही. वर्षातून एकदाच बघते ती."

"मधे कुणाला फार गरज असली तरी?"

"तरी."

अंबुबाईंनी डब्याचं झाकण उगाच पुन्हा दाबून लावलं. मग "सरी, बरं," म्हणाल्या आणि निघून गेल्या. सोयराबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चकली खाल्ली. चांगली झाली होती.

पुढच्या वर्षी आषाढ संपता संपता अंबुबाईंचा निरोप आला. पत्रिका जुळली, मुलं एकमेकांना पसंत आहेत, साखरपुड्याला आमची हरकत नाही. फक्त त्याआधी दोड्डम्माचा कौल घेऊ. यंदा तुमच्याबरोबर मीही येते. भाग्यलक्ष्मीनं हे ऐकलं मात्र, मेटॅडोर ठरवून टाकली. अंबुबाईंबरोबर भाग्यलक्ष्मी धरून चार जणी तयार झाल्या.

त्या संध्याकाळी सोयराबाईंच्या स्वयंपाकघरात सभा भरली.

"मी यंदा जातच नाही," सोयराबाई म्हणाल्या. "गेल्या वेळी साफ आला ना फोटो? एक वर्ष नाही काढला तर काय आभाळ कोसळतंय?"

"दुसरी तारीख माग," स्मृती म्हणाली.

"मागितली. मशीनला गर्दी आहे. दिवाळीनंतर या म्हणतात. आणि दिवाळीनंतर तरी या बायका मला सोडणार आहेत?"

"मग खरं सांगून टाक ना! अजितला मी सांगते."

"खबरदार! तुझं लग्न मोडायला मी जगले वाचले नाही."

स्मृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. विठोजीराव इतका वेळ मान खाली घालून शेंगा सोलत होते. ते एकदम म्हणाले, "मी तुला दर महिन्याला नेणार होतो. डॉक्टर म्हणाल्या वर्षातून एकदा, मी मान्य केलं. पण वर्षातून एकदा म्हणजे एकदा. शून्यदा नाही." त्यांना उचकी लागली नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, त्यात त्यांनी बायकोला असं दटावल्याची ही पहिलीच वेळ. सोयराबाई त्यांच्यापुढच्या शेंगा सोलू लागल्या. त्या खरंच घाबरल्या होत्या, फोटोला आणि अंबुबाईंना सारख्याच.

शेवटी तोडगा विठोजीरावांनी काढला. दुसऱ्या दिवशी ते स्कूटर घेऊन होसूर रोडवर देवी शोधायला निघाले. तीन देवळं त्यांनी नापास केली. एक गणपतीचं होतं, एकात पुजारी फार बोलका होता, एक इस्पितळापासून फार लांब. अखेर इस्पितळाच्या अलीकडे दोनशे पावलांवर कडुनिंबाखाली त्यांना एक शेंदूर फासलेला दगड सापडला. शेजारी चहाची टपरी. टपरीवाल्याला त्यांनी नाव विचारलं.

"नाव कुणाला माहीत? अम्मा म्हणतात."

विठोजीराव खुशीत घरी आले. बायकांना तिथं पूजेला बसवायचं, आणि नवस फेडणारीनं पुढे एकटीनं जायचं असा नियम आहे म्हणून सांगायचं. तासाभराचा तर प्रश्न.

तारीख उजाडली. देवाप्पा ड्रायव्हरनं मेटॅडोर फाटकाशी लावली आणि मागे वळून बघितलं तर एकामागून एक सहा सवाष्णी मोकळ्या गळ्यानं, बिनपावडरीच्या चेहऱ्यानं गाडीत चढताहेत, आणि पुढे बसलेले गृहस्थ खिडकीबाहेर बघून उचक्या देताहेत. देवाप्पाला वाटलं, कुठंतरी काहीतरी वाईट घडलंय. त्यानं हळूच टेप बंद केला आणि होसूर रोडपर्यंत गाडी बेतानं चालवली.

कडुनिंबाखाली बायका उतरल्या. दगड बघून भाग्यलक्ष्मीचे डोळे भरून आले. "किती साधी राहते बघा!" नारळ निघाले, उदबत्त्या निघाल्या. सोयराबाईंनी खणाचं बोचकं उचललं. "तुम्ही इथं पूजा करा. पुढे मला एकटीनं जायचं असतं. स्वल्प वेळ लागेल."

त्या निघाल्या. दहा-पंधरा पावलांवर मागे चपलांचा आवाज आला. अंबुबाई.

"अंबुबाई, एकटीनं जायचा नियम आहे."

"वर्षभर तुमचे नियम ऐकतेय. हा कधी ऐकला नाही. आज सकाळी निघाला का?"

"देवी रागावेल."

"रागावू दे. मी येणार."

सोयराबाई भरभर चालू लागल्या, अंबुबाईही. दोघी पन्नाशी ओलांडलेल्या, दोघींना धाप लागलेली, आणि एकीच्या हातात चार फिल्म. इस्पितळाचं फाटक आलं. घड्याळात दहाला पाच कमी. दहाची वेळ चुकली की नंबर गेला. सोयराबाई फाटकात थांबल्या. मागे वळलं तर स्मृतीचं लग्न वाचत होतं. आत गेलं तर काय वाचणार होतं, ते त्यांना माहीत होतं. विठोजीरावांचं "शून्यदा नाही" आठवलं.

"अंबुबाई," त्या म्हणाल्या, "पुढे देवी नाही. इस्पितळ आहे. मला कॅन्सर झाला होता, स्तनाचा. दोन वर्षं होतील. बरी आहे, पण दर वर्षी फोटो काढावा लागतो, त्याला जातेय. दोड्डम्मा मी बनवली. आता तुम्हांला काय ठरवायचं ते ठरवा, पण मला आत जाऊ द्या, माझी वेळ झाली."

एका दमात बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. आता अंबुबाई पाठ फिरवतील, तासाभरात सगळ्या बसवनगुडीला कळेल, होऊन जाऊ दे.

अंबुबाईंनी पाठ फिरवली नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"देवीच नाही?"

"नाही."

"मग माझी गाठ कोण विरघळवणार?"

सोयराबाईंना आधी कळलंच नाही.

"इथं," अंबुबाईंनी पदराआड हात नेला. "गेल्या दिवाळीच्या आधी लागली. म्हणून तर आले होते तुमच्याकडे. वर्षातून एकदाच बघते म्हणालात. म्हणून थांबले. नऊ शुक्रवार केले, अळणी. मीठ नाही घातलं तोंडात."

  दिवाळी ते श्रावण, सोयराबाईंनी बोटांवर मोजलं, आणि मोजायला नको होतं असं त्यांना झालं. या बाईच्या तोंडावर आपण म्हणालो होतो, गरज असली तरी नाही. आणि वर चकली खाल्ली होती. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"चला," त्यांनी अंबुबाईंचा दंड धरला.

"कुठं?"

"आत. आत्ता. वाट बघायची नसते, मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी तुम्हांला सांगितलं नाही."

खिडकीवरचा कारकून म्हणाला की दुसऱ्या बाईंचं नाव यादीत नाही, चिठ्ठी नाही, त्यांनी पुढच्या आठवड्यात यावं. तो बिचारा नियमानंच बोलत होता. पण सोयराबाईंना आज नियमांचा वीट आला होता. "माझ्या नंबरावर त्यांना घ्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी इथंच बसते आणि माझ्यामागे चार बायका नारळ घेऊन येताहेत." कारकुनानं खिडकीबाहेर डोकावून रस्त्याकडे पाहिलं. मग तो डॉक्टर कस्तुरींना बोलवायला गेला.

बाकावर बसल्या बसल्या अंबुबाईंचा राग वर आला. "देवी नाही म्हणजे? मंगळसूत्र काढायला लावलंत!"

"मशीनमधे अडकतं."

"आणि पावडर?"

"फोटोत ठिपके दिसतात."

"आणि माझं मीठ?"

"मीठ मी नाही बाई सांगितलं! मीठ भाग्यलक्ष्मीनं घातलं. म्हणजे, काढलं."

अंबुबाई हसल्या. सोयराबाईंनी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. हसता हसता त्या रडायला लागल्या आणि सोयराबाईही, आणि समोरून जाणारी नर्स म्हणाली, बाई, इथं रडू नका, दुसरे पेशंट घाबरतात.

डॉक्टर कस्तुरींनी दोघींना पाहिलं, दोघींचे फोटो निघाले. सोयराबाईंच्या जुन्या फिल्म नव्या फिल्मशेजारी उजेडावर लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "साफ आहे. पुढच्या ऑगस्टमधे या." मग अंबुबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमची गाठ आहे, ती दिसतेय. कशाची आहे ते सुईनं तपासल्याशिवाय कळणार नाही. साधीही असू शकते. सोमवारी सकाळी या."

"आणि मग वर्षानं?" अंबुबाईंनी विचारलं.

"वर्षाचं नंतर बघू. आधी सोमवार."

दोघी कडुनिंबापाशी परत आल्या तेव्हा बायकांचे डोळे त्यांच्यावर खिळले. विठोजीराव टपरीवर चौथा चहा पीत होते. "काय कौल दिला देवीनं?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

चांगला दिला म्हटलं असतं तर दोन शब्दांत निभलं असतं. सोयराबाईंनी त्या चार मोकळ्या गळ्यांकडे पाहिलं. यांच्यातली आणखी कोण कशासाठी श्रावणाची वाट बघत बसली असेल, कुणास ठाऊक. त्यांनी बोचक्यावरचा खण सोडला, काळ्या फिल्म बाहेर काढल्या आणि तिथंच, टपरीवाल्याच्या देखत, सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, शेक, मशीन. अंबुबाईंचं तेवढं त्यांनी त्यांच्यावर सोडलं. "आणि हाताला काही लागलं तर त्याच दिवशी दाखवायचं, दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही. एवढं माझं सांगायचं राहिलं होतं."

 विठोजीरावांच्या उचक्या थांबल्या होत्या. मग भाग्यलक्ष्मी दगडाकडे बघत म्हणाली, "ते सगळं सरी, अक्का. पण मग आमच्या नरसिंहची बदली कुणी रद्द केली?" त्यावर सगळ्यांनी प्रसाद खाल्ला.

परतीच्या वाटेवर बायका पदराच्या गाठी सोडून मंगळसूत्रं घालत होत्या. देवाप्पाला धीर आला आणि त्यानं टेप लावला. मागच्या बाकावर अंबुबाई सोयराबाईंना खेटून बसल्या होत्या. सिल्क बोर्डाचा चौक गेला तरी त्यांचं मंगळसूत्र पदराच्या गाठीतच होतं. स्मृतीचं काय, हे विचारायची सोयराबाईंची हिंमत होत नव्हती. मग अंबुबाईच खाली मान घालून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

"सोयराबाई, माझंही तसलंच निघालं तर? आमच्या घरात मुलगी द्याल तुम्ही?"

दोन वर्षं असाच प्रश्न, आमची मुलगी कराल का, सोयराबाई मनातल्या मनात कुणाला तरी विचारत आल्या होत्या. झोपताना, भाजी चिरताना, शेकाच्या टेबलावर पडल्या पडल्या. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो ऐकायला मिळेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी अंबुबाईंचा हात घट्ट धरला.

"देईन. न द्यायला काय झालं? फक्त साखरपुडा सोमवारी नको धरूया. सोमवारी आपल्या दोघींना वेळ नाही."